इफिसच्या मंडळीला सलाम सांगायला गेले तेव्हा

परदेशी जायचं ठरलं की बाकीचे लोक आधी पासपोर्ट शोधतात. आमच्या गावात आधी सल्ले सापडतात, पासपोर्ट मागून.

आमची मुलगी रूथ जर्मनीत नर्स आहे. तिचा फोन आला, "ममी, एप्रिलात मला सुट्टी आहे. तू आणि पप्पा तुर्कस्तानात या, मी इकडून येते, सगळे मिळून फिरू." हे बोलणं घरात झालं, दार लावून. दुसऱ्या दिवशी डेअरीत दूध घालायला गेले तर तिथला माणूस विचारतोय, "काकू, तिकडं गाईचं दूध मिळतं का हो?" म्हटलं, "न्हाई रे बाबा, तिकडं उंटांनी डेअरी काढलीय." त्यानं ते खरं मानलं आणि पुढच्याला सांगितलं.

श्रीरामपूरहून कॅनॉलच्या कडेनं आत आलं की आमचं गाव. माझे मालक शुगर फॅक्टरीत वजनकाट्यावर होते. उसाच्या गाड्यांची वजनं करण्यात जन्म गेला. रिटायर झाले तरी काटा काही सुटला नाही, माणूस समोर आला की आधी नजरेनं तोलतात. मी चौथीपर्यंत शिकलेली. पुण्याची नात म्हणाली, "आजी, तू बोलतेस तसंच लिही, चुका मी काढते." काढल्या का नवीन घातल्या हे वाचणाऱ्यांनी बघावं.

आता मुख्य गोष्टीकडे येते, नाहीतर ही नात म्हणते की आजी नगरला निघाली की आधी नाशिकला जाऊन येते.

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मंडळीत एक रीत आहे. कोणी परगावी निघालं आणि तिथं मंडळी असली, तर रविवारी उपासनेनंतर त्याला उभं करायचं आणि आपल्या मंडळीचा सलाम त्याच्याजवळ द्यायचा. त्यानं तिकडच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून तो सांगायचा. तिकडचे लोक उठून तो घेतात आणि आपला सलाम परत देतात. तो घेऊन यायचा, मग आपण उठून घ्यायचा. पूर्वी राहुरीचा सलाम यायचा, संगमनेरचा यायचा, नगरचा यायचा. मोठ्या सभांच्या दिवसांत तर उठून उठून पाय भरून यायचे. आता पोरं पुण्याला नाहीतर आखातात. सलाम येतो तो मोबाईलवर, गुलाबाच्या चित्रासकट. त्याला कोण उठतंय?

तर त्या रविवारी आमचे पंच शिमोनकाका यांनी विचारलं, "रूथच्या आई, कुठं कुठं जानार तुमी?"

मी म्हटलं, "इस्तंबूल, मग इजमिर, मग इफिस."

इफिस म्हटल्याबरोबर देवळात कुजबुज झाली. लहानपणापासून बायबलच्या वाचनात ऐकलेलं नाव. प्रेषितानं तिथल्या मंडळीला पत्र लिहिलं होतं ते इफिस. शिमोनकाकांनी चष्मा काढून पुसला. "आपल्या गावातनं इफिसला मानूस चाललंय," असं ते म्हणाले. मग त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "आपल्या मंडळीचा इफिसच्या मंडळीला सलाम." सगळ्यांनी आमेन म्हटलं. आमच्या पाळकसाहेबांकडे चार गावं आहेत, ते त्या रविवारी दुसरीकडे होते. ते असते तर दोन शब्द बोलले असते. बाकी आम्ही सगळे हुशारच.

बाहेर निघताना महिला मंडळाच्या मार्थाबाईंनी हात धरला. "नुसता देऊन येऊ नको गं. परतीचा घिऊन ये. रिकाम्या हातानं आलीस तर देवळात पुढं कशी उभी राहशील ते बघू."

मार्था माझी लहानपणापासूनची मैत्रीण आहे, त्यामुळे तिला माझं वाईट कधी बघवत नाही. चांगलं तर अजिबातच नाही.

एसटीनं मुंबई गाठली. विमानतळावर बाईनं आमच्या बॅगा पट्ट्यावर ठेवायला सांगितल्या. आकडा उमटला तशी ती म्हणाली, वजन जास्त आहे. झालं! आमचे मालक पुढे सरसावले.

"ताई, आधी काटा झिरो करा."

"काका, झिरोच आहे."

"मोकळा करून दाखवा. आमी उसाचा ट्रक असाच घेत न्हवतो."

मागे ही लांब रांग. त्या पोरीनं शेवटी बॅगा उतरवून दाखवल्या. काटा झिरोच होता. वजन शेंगदाण्याच्या चटणीचं होतं. तुम्ही जाल तेव्हा चटणी दोन्ही बॅगांत वाटून घ्या, आणि मालक असे असतील तर त्यांना आधीच खुर्चीवर बसवून या. विमानातल्या जेवणाबद्दल मी काही बोलणार नाही. ज्यानं ते केलं त्यालाही आई असेल.

इस्तंबूल मोठं आहे, सुंदर आहे, आणि तिथं सगळे रस्ते चढाचे आहेत, उताराचा रस्ता बहुतेक सरकारनं काढून घेतलाय. रूथ तिथं भेटली, गळ्यात पडली, आणि लगेच माझं बीपी तपासलं. नर्स लेक असली की प्रेम पट्टा बांधून येतं.

तिथून विमानानं इजमिर. विमानतळाला लागूनच रेल्वे स्टेशन आहे, तिथून सेल्चुक गावाला गाडी जाते. इफिसला जाणाऱ्यांनी सेल्चुकलाच राहावं. गाव लहान, संत्र्याची झाडं रस्त्यावर, आणि संत्री कोणी तोडत नाही. आमच्या गावात असं झाड असतं तर त्याची पानंसुद्धा दिसली नसती. लॉजच्या मालकिणीनं सकाळी नाश्त्याला ऑलिव्ह, चीज, काकडी, मध, अंडी, अशा इतक्या बशा मांडल्या की यांनी मला विचारलं, "जेवन कोनतं आन् तोंडी लावनं कोनतं?"

मी त्या सकाळी रविवारची क्रीम रंगाची साडी काढली. मंडळीपुढे उभं राहायचं तर नीट जायला नको का? रूथ म्हणाली, "ममी, तिथं चालायचं खूप आहे, साडी कशाला?" म्हटलं, "असू दे."

"चर्च किती वाजता उघडतं गं?"

"सकाळीच उघडतं सगळं. लवकर जाऊ, नाहीतर ऊन लागतं. तिकीट काढायचंय."

"आत जायला तिकीट?" मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "परदेश हाय. दान आधीच घेत असतील."

टॅक्सी केली. जागेला दोन दरवाजे आहेत, एक वरचा, एक खालचा. टॅक्सीनं वरच्या दरवाजाशी उतरा आणि उताराउतारानं खालच्या दरवाजानं बाहेर पडा. खालून चढणारे लोकही दिसले, धापा टाकत. त्यांना सल्ला द्यायला कोणी नसेल, बिचारे. टॅक्सीनं येताना वाटेत एका देवीचं जुनं देऊळ लागतं. कधी काळी जगात नाव होतं म्हणे त्याचं. आता एक खांब उरलाय आणि त्याच्यावर करकोच्यानं घरटं केलंय. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तिकीट चांगलंच महाग आहे, युरोत सांगतात. मी रुपयांत विचारलं नाही, सकाळ खराब करायची नव्हती. उतारावरच्या श्रीमंतांच्या जुन्या घरांना आणखी वेगळं तिकीट आहे. आत शिरलो आणि समोर काय? पडलेले खांब. उभे खांब. अर्ध्या भिंती. गवत. लाल फुलं. मांजरं. आणि टोप्या घातलेले गोरे लोक.

मी रूथला म्हटलं, "हे बघून झालं. आता गाव कुठाय?"

"हेच गाव."

"मग लोक कुठं हायेत?"

"कोण लोक?"

"इफिसचे."

रूथ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ममी, हे गाव ओस पडून शेकडो वर्षं झाली. समुद्र इथपर्यंत होता, बंदर होतं. नदीनं गाळ आणून आणून बंदर बुजवलं. समुद्र लांब गेला, रोगराई आली, लोक उठून गेले. मला वाटलं तुला माहितीय."

मी मालकांकडे वळले. "तुमाला ठावं हुतं?"

हे एका खांबाला हात लावून त्याचं वजन काढत होते. "मला वाटलं, थोडीफार पडझड आसंल," म्हणाले. "आपलं देऊळ न्हाई का गळत?"

आता बघा. देवळात एवढे लोक, त्यातले निम्मे रिटायर मास्तर. एकालाही वाटलं नाही की आधी विचारावं, इफिस चालू आहे का बंद आहे. सलाम तेवढा झटक्यात दिला.

पण तिकीट काढलेलं होतं, म्हणून बघितलं सगळं, आणि खोटं कशाला बोलू, डोळ्यांचं पारणं फिटलं. पांढऱ्या दगडाचा रस्ता, माणसांच्या चालण्यानं गुळगुळीत झालेला. जपून चाला, घसरतो. एका बाजूला सार्वजनिक संडास आहेत. एका ओळीत दगडाची बैठक, भोकं पाडलेली, मधे भिंत नाही, आडोसा नाही. सगळे शेजारी शेजारी बसून गप्पा मारत असणार. हे म्हणाले, "आपल्याकडं ग्रामसभेला कोनी येत न्हाई. अशी जागा केली तर येतील." एक वाचनालय आहे, दोन मजली, काय ते कोरीव काम! समोरून राजवाडा, मागे गेलं की मोकळं. आमच्याकडे निवडणुकीनंतर कामं अशीच दिसतात, फक्त ती इतकी वर्षं टिकत नाहीत.

मग आलं ते थोरलं नाट्यगृह. डोंगराच्या पोटात पायऱ्याच पायऱ्या, सगळं गाव बसेल एवढं. ही जागा आम्हाला वाचनातून माहीत आहे. देवीचे चांदीचे देव्हारे करणाऱ्या सोनारांचा धंदा प्रेषिताच्या उपदेशानं बसायला लागला म्हणून त्यांनी इथं दंगा केला होता. दोन हजार वर्षं होत आली, दंग्याची कारणं तीच आहेत.

माझ्या मनात आलं, मंडळी नसली तर नसली, सलाम तर माझ्याजवळ आहे. मी खाली मधोमध जाऊन उभी राहिले, पदर सारखा केला आणि मोठ्यानं म्हटलं, "आमच्या मंडळीचा इफिसच्या मंडळीला सलाम!"

आवाज वरपर्यंत गेला हो. वरच्या पायरीवरच्या गोऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं गाणं आहे. कोणी उठलं नाही. एक मांजर तेवढं उठलं आणि जागा बदलून परत झोपलं.

हे पायरीवर बसले होते, तिथून ओरडले, "पोचला! चल आता, भूक लागली."

मी शेजारी जाऊन बसले. यांनी सावरून घेतलं, "हे बघ, रूथची आई. तू सलाम दिलास. त्यांनी घेतला, परत दिला, आसं सांगायचं. कोन तपासायला येतंय इथं? मार्था?"

"देवळात उभं ऱ्हाऊन खोटं बोलू?"

"खोटं कुठं? जरा वजन वाढवायचं."

"फॅक्टरीत कधी वाढवलं हुतं का?"

यांनी उठून कपड्यांची धूळ झटकली. मला पुढे काही बोलायला लागलं नाही.

खालच्या दरवाजाच्या अलीकडे आडबाजूला एका जुन्या चर्चचे अवशेष आहेत. तिकडे फारसं कोणी जात नाही, पण तुम्ही जा. लांबच लांब, छप्पर नाही, भिंती कंबरेएवढ्या, मधे गोल हौद, बाप्तिस्म्याचा. म्हणजे इथं मंडळी होती. माझ्यासारख्या बायका पोरांना कडेवर घेऊन इथं उभ्या राहिल्या असतील. गाळ वाढत होता तेव्हा त्यांना काय कळलं असेल? आधी एक घर उठलं असेल, मग शेजारचं. पोरं म्हणाली असतील, आई, मोठ्या गावाला कामधंदा आहे. मागच्या ओळी रिकाम्या झाल्या असतील. मग एका रविवारी कोणीतरी शेवटचं दार ओढून घेतलं असेल. आमच्या देवळात आता सगळे पुढच्या बाकांवरच मावतात. मागच्या बाकांची धूळ पुसायची पाळी माझी असते म्हणून मला माहीत.

मला शिमोनकाकांचा चेहरा दिसायला लागला. पत्र ज्यांना आलं होतं, त्यांचं हे झालं. हे मी गावात जाऊन कोणत्या तोंडानं सांगू? आणि नाही सांगितलं तर काय सांगू? रूथनं विचारलं, "ममी, रडतेस?" म्हटलं, "ऊन लागलं." ऊन लागल्यावर नाक लाल होतं असं तिच्या नर्सिंगमध्ये शिकवलेलं नसावं, पण तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

बाहेर आलो तर दुकानंच दुकानं. "अस्सल नकली घड्याळं" असं इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, रूथनं वाचून दाखवलं. खरेपणाचं कौतुक वाटलं. त्याच्या पुढे एका मांडवात एक बाई बसली होती, डोक्याला फुलाफुलाचा रुमाल, पुढ्यात बुटकं गोल पाटासारखं टेबल, हातात काठीएवढं बारीक लाटणं. कागदासारखी पोळी लाटायची, आत पालक आणि चीज भरायचं, घडी घालून तव्यावर टाकायचं. गोझलेमे म्हणतात त्याला. तिथं जाल तर बाकी सगळं सोडा, हे खा, आणि वर आयरान प्या, म्हणजे आपलं खारं ताक. यांनी पहिला घास घेतला आणि त्या दिवसात पहिल्यांदा कशाचंच वजन काढलं नाही.

माझ्या घशाखाली उतरेना. त्या बाईनं बघितलं. रूथच्या मोबाईलमध्ये बोललेलं उलटून सांगायची सोय आहे, तिच्यापुढे धरल्यावर ती म्हणाली, तुझ्या आईला माझ्या हातचं आवडलं नाही का?

रूथनं तिला सगळं सांगितलं. आमचं गाव, मंडळी, सलाम. सलाम शब्द ऐकल्याबरोबर त्या बाईचा हात थांबला. त्यांच्यातही सलामच म्हणतात. आणि रीतही तीच, कोणी सलाम दिला की तो पोचवल्याशिवाय ओझं उतरत नाही. तिनं लाटणं बाजूला ठेवलं, पिठाचे हात कमरेच्या फडक्याला पुसले, उठून उभी राहिली आणि हात छातीवर ठेवून म्हणाली, "अलैकुम सलाम."

मी घाईनं रूथला म्हटलं, "तिला सांग, तुला न्हवता, मंडळीला हुता."

हे बोलल्यावर मलाच कसंतरी झालं. पण बाई हसली. मोबाईलमध्ये बरंच बोलली. तिचं नाव एमिने. म्हणाली, आम्हीही इथले नाही. माझे आजी-आजोबा समुद्रापलीकडून आले, लढाईनंतर इकडचे ख्रिस्ती लोक तिकडे धाडले आणि तिकडचे आम्ही इकडे. आम्ही राहतो ते डोंगरावरचं गाव तेव्हा रिकामं होतं. चुली थंड, दारं उघडी. आजीनं त्यातल्याच एका चुलीत विस्तव पेटवला. आजी सांगायची, त्यांच्या नावानं कोणी आलं तर दारातून परत पाठवू नको, त्यांच्या घरात आपण राहतो. म्हणून मी घेतला. तू आता मोकळी झालीस. जेव.

हे हळूच म्हणाले, "रूथची आई, सकाळपास्नं तू एवढ्या दगडांना इचारत फिरलीस. जित्तं मानूस उठून हुबं ऱ्हायलं तर तू त्याची जात इचारती का?"

चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात हा माणूस एकदा शहाण्यासारखं बोलला आणि ते ऐकायला मला तुर्कस्तानात जावं लागलं. विमानखर्च वसूल झाला म्हणायचा.

मी उठले. एमिनेनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, तुमच्या लोकांना माझा सलाम सांग. मग मी दोन गोझलेमे खाल्ले. तिसरा रूथनं खाऊ दिला नाही, बीपीचं नाव काढून.

परत आलो. लोकांना इस्तंबूलचे फोटो दाखवले, मिठाई वाटली. ती दाताला चिकटते म्हणून सगळ्यांनी नावं ठेवली आणि डबा रिकामा केला. इफिसचं मात्र मी कोणाला बोलले नाही. रविवारपर्यंत जेवण गोड लागलं नाही. यांनी एकदाच विचारलं, "काय सांगनार?" म्हटलं, "भरंल तेवढं वजन."

उपासनेनंतर शिमोनकाकांनी नाव पुकारलं. मी पुढे गेले. मार्था पहिल्याच बाकावर, हाताची घडी.

मी सांगितलं, "इफिसला आता मंडळी नाही. लोक उठून गेले. देऊळ आहे, त्याला छप्पर नाही. मी सलाम सांगितला, उठायला कोणी नव्हतं."

शिमोनकाका खाली बघत होते. मागच्या बाकांकडे कोणी बघितलं नाही, पण सगळ्यांना ते दिसले, हे मला कळलं.

मग मी एमिनेचं सांगितलं. पिठाच्या हातासकट, आजीच्या चुलीसकट, सगळं. आणि म्हटलं, "तिनं उठून आपला सलाम घेतला, आणि आपल्याला सलाम पाठवलाय."

मार्था म्हणालीच, "म्हंजी मुसलमान बाईचा. त्यो देवळात कसा घ्यायचा?"

शिमोनकाका तिच्याकडे न बघताच म्हणाले, "मार्थाबाई, आपल्या देवळात शेवटचा सलाम कधी आल्ता, आठवतंय?"

कोणालाच आठवेना. काकांनी काठी टेकली आणि उठले. मग बाकीचे उठायला लागले. एकदम नाही, गुडघे धरून, बाकाला रेटा देऊन, एकमेकींच्या खांद्याचा आधार घेऊन. वेळ लागला. मी पुढे उभी राहून मनात म्हणत होते, होऊ द्या सावकाश, मला कुठलं विमान गाठायचंय. मार्था सगळ्यात शेवटी उठली, तिला म्हणे पदर सापडत नव्हता. पण उठली. आणि सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं, "सलाम."

बसता बसता काका म्हणाले, "आता ह्याचं उत्तर धाडायला पायजे. कोन जातंय?"

"माज्याकडं बघू नका," मार्था म्हणाली, "माजा पासपोर्टबी न्हाई."

तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, एवढं फिरून काय राहिलं? इस्तंबूल आताच पुसट व्हायला लागलंय. खांब तर माझ्या डोक्यात सगळे एकमेकांत मिसळले. रिकामा हौद राहिलाय, तो जात नाही. धूळ पुसताना मी आता मागच्या बाकांवर जरा टेकते. आणि एमिने राहिलीय. गोझलेमे मी घरी करून बघितलं, पालकाऐवजी मेथी घालून. यांनी खाल्लं आणि म्हणाले, जड झालंय.

काल मार्था श्रीरामपूरच्या एसटीत दिसली, चांगली साडी नेसून, केसाला तेल लावून. म्हटलं, कुठं गं? तर म्हणाली, फोटो काढायला. म्हटलं, कशाला?

खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कशाला म्हंजी? असावा मानसाजवळ एखांदा."